तिन्हीसांजेला जाऊन पाहा

(आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



मी डॉक्टर नाही, वक्ताही नाही. राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे, डिप्लोमावाला. इमारती मोजणे, तपासणे आणि वहीत नोंदवणे हे माझे काम. अध्यक्षांनी मला इथे उभे केले त्याचे कारण एवढेच, की गेल्या दोन वर्षांत माझ्या आत्यासाठी मी चार ठिकाणे पाहून आलो, आणि तेव्हापासून गावातल्या पाच-सहा घरांतून हळूच फोन आले : "भाऊ, तुम्ही कुठं ठेवलंत? कसं पाहिलंत?" फोनवर सगळे दबक्या आवाजात विचारतात. म्हणून म्हटले, एकदा मोठ्याने बोलून टाकावे.

माझी आत्या तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. शाळेत गणित शिकवायची. गावात तिला कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे 'बाई' म्हणत. पावकी, निमकी, दिडकी तिला मुखोद्गत होती आणि आमच्या पिढीच्या पाठीवर तिने ती बसवलीही. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली.

सुरुवात साध्या गोष्टींनी झाली. दुधाचा हिशोब चुकू लागला. हिशोब, आणि तोही आत्याचा! मग एकच गोष्ट दहा वेळा विचारणे. आम्ही म्हणालो, वय झाले. ही आमची पहिली चूक. साठी उलटली की विसरणारच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि या गोष्टींवर उपचार आहेत. आपल्या शाकाहारी घरांत तर बी-१२ आधी तपासावे. आम्ही वर्षभर उशिरा इंदूरला डॉक्टरांकडे गेलो. तपासण्यांत बाकी सारे ठीक निघाले आणि निदान झाले : अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

हे आपल्याच घरी आले असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात ६० वर्षांवरील शंभर माणसांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख. आपल्या मंडळात साठीपुढचे दीडशे सभासद धरले, तर दहा-अकरा घरांचा हा प्रश्न झाला.

दिवसा आत्या बरी असे. खरी परीक्षा तिन्हीसांजेला. दिवेलागणीची वेळ झाली की ती पदर खोचून उठायची आणि म्हणायची, "चला, उशीर झाला, मला घरी जायला हवं." घरातच बसून 'घरी जायचंय'. समजूत घातली तर चिडायची, हात धरला तर चिमटे काढायची. सौ.च्या दंडावर काळे-निळे डाग असत आणि ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालून समारंभांना येत असे. हे मलाच फार उशिरा कळले. डॉक्टरांनी सांगितले, या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढणे नेहमीचे आहे. आपल्याकडे तिन्हीसांजेला सगळी मुले घरी परततात, तोच संस्कार खोल कुठेतरी जागा होत असेल, असे मला वाटते.

एका संध्याकाळी ती खरोखरच निघून गेली. दोन तास शोधले. राजघाटावर तापीच्या पायऱ्यांवर सापडली. एका फुगेवाल्याने तिला बसवून ठेवले होते. त्या रात्री मी तिच्या खोलीला बाहेरून कडी लावली. पुढचे सव्वा महिना रोज लावली. आतून ती दार वाजवायची आणि म्हणायची, "मुलांनो, बाईंना कोंडू नका." हे मी आज पहिल्यांदा घराबाहेर सांगतो आहे. यासाठी, की 'घरी ठेवले म्हणजे प्रेमाने ठेवले आणि बाहेर ठेवले म्हणजे टाकले' हा हिशोब आपण सगळे मनात धरून बसलो आहोत. मी तिला घरी ठेवले होते आणि कोंडलेही होते.

मग सौ.ने एकदा शांतपणे विचारले, "तिच्यासाठी चांगली जागा पाहायची का?" आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी वही घेतली.

इथे शब्दांचा एक घोटाळा सांगतो. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे दहा-वीस खाटांचा खासगी दवाखाना, जिथे बाळंतपणे होतात, ऑपरेशने होतात. तिथे स्मृतिभ्रंशाच्या माणसाला वर्षानुवर्षे ठेवत नाहीत. 'वृद्धाश्रम' म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वतः चालणाऱ्या, स्वतःचे स्वतः करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सोय. आपल्याला लागते ती तिसरी गोष्ट : चोवीस तास देखभाल असलेले, या आजाराची माहिती असलेले केंद्र. अशी केंद्रे देशात अजून थोडी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनसारख्या किंवा बंगळुरूच्या नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टसारख्या संस्थांनी या कामाची वाट घालून दिली. आपल्या बुऱ्हाणपुरात मला असे केंद्र मिळाले नाही. म्हणजे इंदूर, नाही तर भुसावळमार्गे महाराष्ट्र. मी चार ठिकाणे पाहिली. नावे सांगणार नाही. वाईटाचे नाव सांगणे योग्य नाही आणि चांगल्याचे सांगितले तर तुम्ही न पाहता तिथे जाल.

पहिले ठिकाण चकचकीत. स्वागतकक्षात गणपतीची मोठी मूर्ती, वातानुकूलित खोल्या, रंगीत माहितीपत्रक. मला इमारत आवडली, खात्याची सवय. दालनात टीव्ही चालू होता आणि पंधरा माणसे त्याच्यासमोर खुर्च्यांत बसली होती. कोणी टीव्ही पाहत नव्हते. एका आजींच्या कमरेभोवती ओढणी होती आणि ती खुर्चीच्या पाठीला बांधलेली होती. मी विचारले. व्यवस्थापक म्हणाले, "गिर जाती हैं, इसलिए." मला माझी कडी आठवली. मी काही बोललो नाही, वहीत लिहिले.

दुसरे ठिकाण खानदेशातला वृद्धाश्रम. साधी कौलारू इमारत, पण आवारात तुळस, गाय, हसणारी माणसे. विश्वस्तांनी आत्याची सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "आम्हाला हे जमणार नाही. रात्री आमच्याकडे एकच माणूस असतो. त्या बाहेर पडल्या तर?" मी निराश होऊन निघालो. आज वाटते, चौघांत सर्वांत प्रामाणिक उत्तर त्यांचेच. आपल्याला काय जमत नाही हे सांगू शकणारी संस्था भरवशाची.

तिसऱ्या ठिकाणी मी सकाळी अकराला गेलो. भजन चालू होते, फुले होती, सगळे छान. आगाऊ रक्कम भरायचीच बाकी होती. पण परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून न सांगता संध्याकाळी सहाला पुन्हा गेलो. दिवे मालवलेले. साडेपाचलाच जेवणे उरकून सगळ्यांना खाटांवर निजवले होते. एवढी माणसे, आणि त्या वेळी एकही आवाज नाही. परिचारिकेने अभिमानाने सांगितले, "आमच्याकडे सगळे शांत असतात." ज्याच्या घरी स्मृतिभ्रंशाचे माणूस आहे त्याला विचारा, सहा वाजता शांतता कशाने येते.

आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण देतो. खानखानाच्या काळातली, चारशे वर्षांपूर्वीची ही पाण्याची योजना. वरून पाहणाऱ्याला नुसती कुंड्यांची तोंडे ओळीने दिसतात. पाणी आहे की नाही, ते स्वच्छ आहे की नाही, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही. या केंद्रांचेही तसेच आहे. स्वागतकक्ष म्हणजे कुंडीचे तोंड. खाली उतरायचे असेल तर तिन्हीसांजेला जा, न कळवता जा, आणि जमले तर एकदा रात्री दहानंतर जा.

आता वहीतली टिपणे सांगतो. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी लिहून घ्यावीत.

आधी न्हाणीघर पाहा, खोली नंतर. म्हातारी माणसे पडतात ती तिथे. फरशी ओली करून पाय घासून पाहा. कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का, आणि ते भिंतीत पक्के आहेत का, हे अंगाचा भार टाकून पाहा. नुसते दाखवायला लावलेले दांडे मी दोन ठिकाणी हलवून काढले असते. आतली कडी बाहेरून उघडता यायला हवी. दार ९० सेंटीमीटर रुंद असेल तर चाकाची खुर्ची नीट जाते. उतार केला असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण. त्याहून उभा उतार हा उतार नव्हे, घसरगुंडी.

दुसरे, वास. लघवीचा वास सकाळी क्षणभर येणे समजू शकते. दिवसभर येत असेल तर माणसे कमी आहेत. फिनाइलचा उग्र वासही मला खटकतो.

तिसरे, फिरण्याची जागा. या आजारात माणसाला चालायचे असते. त्याला अडवायचे की चालू द्यायचे? चांगल्या ठिकाणी आवारात गोल वाट असते. माणूस कितीही चालला तरी पुन्हा तिथेच येतो. फाटक बंद असावे, पण आग लागली तर दार कोण उघडणार, किल्ली कुणाच्या कमरेला, हेही विचारा.

चौथे, रात्र. "तुमच्याकडे कर्मचारी किती?" असे विचारू नका. "आज रात्री दोन वाजता कोण जागे असेल, आणि किती जणांसाठी?" असे विचारा. मग त्या माणसालाच विचारा की इथे किती वर्षे आहात. दर तीन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर तुमच्या माणसाला कोणी ओळखणार नाही.

पाचवे, सर्वांत अवघड प्रश्न : "त्रास दिला तर काय करता?" उत्तर नीट ऐका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आजाराच्या माणसाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे. तात्पुरते आवरून धरणेही, तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करूनच. त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो. तेव्हा केंद्राची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, ते कागद मागून पाहा. शांत ठेवायच्या गोळ्यांचेही तसेच. काही वेळा त्या लागतात. पण अशा काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. म्हणून कोणती गोळी, कोणी लिहिली, किती दिवसांसाठी, हे तुम्हाला कळलेच पाहिजे.

सहावे, जेवण. जेवणाच्या वेळी बसा. पुढे पुढे या माणसांना गिळायलाही त्रास होतो. घास घाईने कोंबला तर अन्न श्वासनलिकेत जाते. कोण भरवते, किती वेळ देते, हे पाहा. आणि वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन नोंदवणारे ठिकाण काळजी घेते असे समजा. आमच्या खात्यात जे मोजले नाही त्याचे बिल निघत नाही. तोच नियम इथे.

सातवे, पैसा आणि कागद. महिन्याचा आकडा ऐकून थांबू नका. डायपर, औषधे, डॉक्टर, रुग्णालयात नेणे हे त्यात आहे की वेगळे? माणूस अंथरुणाला खिळला तर दर किती वाढेल? अनामत परत कधी मिळते? हे सगळे करारात लिहून घ्या. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे जे संरक्षण आहे ते रुग्णालयात भरती होण्यासाठी. राहण्याच्या महिन्याच्या खर्चासाठी नाही. आणि बँक, पेन्शन, मृत्युपत्र या गोष्टी निदान झाल्या झाल्या, माणसाला समजते आहे तोवर करून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणसाची समज गेली की ते टिकत नाही आणि मग न्यायालयाची पायरी येते.

एक कायदा माझ्यासारख्या पुतण्या-भाच्यांसाठी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठ माणसाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे. आत्याचे घर उद्या मला हवे असेल तर आत्या आज माझी आहे.

आता शेवटचा मुद्दा. तो कुठल्याच यादीत मला मिळाला नाही, पण आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या मध्य प्रदेशात राहिलेल्या मराठी माणसांसाठी तोच सर्वांत मोठा आहे.

आपण बाहेर हिंदी बोलतो, घरात मराठी. आत्याने चाळीस वर्षे उत्तम हिंदी बोलली. या आजारात बहुधा नंतर शिकलेले आधी जाते आणि लहानपणीचे सर्वांत शेवटी. तिची हिंदी हळूहळू विरघळली. पहिल्या ठिकाणी तिला 'माताजी' म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी 'अम्मा'. तिने मान वळवून पाहिलेदेखील नाही. ती कधी कुणाची माताजी नव्हती, अम्मा नव्हती.

चौथे ठिकाण नाशिककडचे. इमारत तिसऱ्या क्रमांकाची, रंग उडालेला, उताराला माझ्या हिशोबाने दोन फूट कमी लांबी. पण तिथल्या ताईंनी आम्हाला सुविधा दाखवायच्या आधी दोन तास प्रश्नच विचारले. सकाळी उठल्यावर काय करतात? चहा की दूध? कोणत्या कुशीवर झोपतात? काय केले की चिडतात? आणि शेवटी : "त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते?" सौ. म्हणाली, "बाई." ताईंनी ते फॉर्मवर वर, नावाच्या जागी, मोठ्या अक्षरांत लिहिले.

मी नियमाप्रमाणे तिन्हीसांजेला पुन्हा गेलो. गोंगाट होता. एक आजोबा ओरडत होते, एक आजी रडत होत्या, आणि प्रत्येकाजवळ कोणी ना कोणी बसलेले होते. मी तिथेच निर्णय घेतला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाचे काम केले आहे. स्मृती गेलेला हा माणूस एका हत्तीमागे निघून जातो. माहुताची बायको कानडी बोलणारी. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, पण लहान लेकराला सांभाळावे तसे ती त्यांना सांभाळते. म्हणजे भाषेच्याही आधी वागणूक येते, हे खरे. पण दोन्ही मिळत असतील तर सोडू नका.

आत्याला नेले त्या दिवशी मी खोटे बोललो. म्हणालो, "आत्या, माहेरी जायचंय." ती गाडीत आनंदाने बसली. ते खोटे मला अजून टोचते. पहिला महिना वाईट गेला. ती जेवेना, दीड किलो वजन उतरले. ते मला कळले, कारण वहीत लिहिलेले होते. मग तिथल्या एका मुलीने शोधून काढले, की तिन्हीसांजेला बाई उठून निघाल्या की शेजारी बसायचे आणि आपण पाढा सुरू करायचा, मुद्दाम चुकायचे. बाई थांबतात, चूक दुरुस्त करतात आणि पुढचा पाढा स्वतः पूर्ण म्हणतात. एकोणतीसचासुद्धा.

मी दर दुसऱ्या रविवारी जातो. ती मला ओळखत नाही. मागच्या वेळी मला म्हणाली, "तुमचा मुलगा गणितात कच्चा आहे, लक्ष द्या." मी म्हणालो, "हो बाई." सौ. आता पूर्ण झोपते. आमचे दोघांचे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

आपल्या मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली : कार्यालयात एक वही ठेवावी. ज्याने जे ठिकाण पाहिले त्याची खरी नोंद त्यात करावी, कोणत्या वेळी पाहिले ते लिहून. म्हणजे पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सरकारचे क्रमांकही पहिल्या पानावर लिहावेत : ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दुसरी : सगळ्यांना बाहेर ठेवणे परवडत नाही आणि सगळ्यांना गरजही नसते. ज्यांच्या घरी असे माणूस आहे, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सहा ते आठ, आपल्यापैकी कोणीतरी जाऊन बसावे. मराठीत गप्पा माराव्यात, पाढे म्हणावेत, आरती म्हणावी. घरच्या सुनेला तेवढे दोन तास बाजारात, देवळात किंवा नुसते झोपायला मिळावेत. आम्हाला असे दोन तास कोणी दिले असते, तर ती कडी कदाचित मी लावली नसती.

त्या वहीत माझ्या दोन संध्याकाळी, मंगळवार आणि शुक्रवार, मी आत्ताच लिहून देतो.